कंबरेचा पट्टा पुरे झाला, आता पोत्याच्या वजनावर बोला!

गेल्या 14 एप्रिलच्या आदल्या रविवारी आम्ही आमच्या वस्तीतल्या विहारात आरोग्य शिबिर घेतले. बीपी, शुगर, डोळे अशी सगळी तपासणी होती. पण सर्वांत मोठी रांग लागली ती कंबरदुखीच्या टेबलासमोर. एका दात्याने कंबरेचे ऐंशी पट्टे दिले होते. दुपारी दोनपर्यंत सगळे संपले. आम्ही खूश होतो. बॅनरसमोर फोटो झाले, ग्रुपवर गेले.

शेवटचा पट्टा मिळाला तो बाजार समितीत हमाली करणाऱ्या एका काकांना. पन्नाशीचे असतील. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "मागच्या जयंतीचा एक घरी आहे बाळा. त्याच्या मागच्या जयंतीचा पण आहे. हा तिसरा. पोतं मात्र तेवढंच आहे."

आमच्यात तिघे पदव्युत्तर शिकलेले होते. एकालाही उत्तर देता आले नाही. हा लेख म्हणजे त्या काकांना उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि चळवळीतल्या आपल्या सर्वांना विचारलेला प्रश्नही आहे.

कंबर कोणाची दुखते?

कंबरदुखी सगळ्यांनाच होते, असे म्हणतात. खरे आहे. 2020 साली जगात सुमारे 61 कोटी 90 लाख लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे, आणि माणसाला काम करू न देणाऱ्या आजारांत ती जगात पहिल्या क्रमांकावर आहे. पण खुर्चीत बसून दुखणारी कंबर आणि पोते वाहून दुखणारी कंबर यांत फरक आहे. खुर्चीवाला रजा टाकतो, खुर्ची बदलतो, फिजिओथेरपी घेतो. पोतेवाल्याने रजा टाकली की त्या दिवसाची चूल विझते. म्हणून तो दुखऱ्या कंबरेवरच पुढचे पोते घेतो. दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले की डॉक्टर त्याला जुनाट म्हणतात. आपल्या वस्तीत ते तीस वर्षांचे असते.

आता आपल्या वस्तीतली कामे मोजा. बाजार समितीतला हमाल, बांधकामावरची बिगारी बाई, कचऱ्याच्या गाडीवरचा कंत्राटी कामगार, गटारात उतरणारा, वीटभट्टीवरचा, ऊसतोडीला जाणारी जोडी, रुग्णालयात पेशंट उचलणारा वॉर्डबॉय आणि मावशी. ही यादी योगायोगाने तयार झालेली नाही. जातिव्यवस्था म्हणजे केवळ कामाची वाटणी नव्हे, ती काम करणाऱ्या माणसांचीच जन्मावरून केलेली, एकाखाली एक रचलेली वाटणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडले. आम्ही त्यात एवढेच जोडतो की या उतरंडीत जसजसे खाली जाल तसतसे पाठीवरचे वजन वाढत जाते.

फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे आपले दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे म्हणणे आपण त्या परिषदेतून नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी एक साधी गोष्टही दाखवली होती. रेल्वेत आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो, म्हणून अस्पृश्याला पोर्टरही करत नाहीत. म्हणजे रूळ आणि स्लीपर उचलायला आपली पाठ चालते, पण घरातला हंडा उचलायला आपला हात चालत नाही! कंबरदुखीचा इतिहास लिहायचा झाला तर तो इथून लिहावा लागेल.

"नीट वाका" म्हणणाऱ्यांना एक प्रश्न

कंबरदुखीवरचे कोणतेही पत्रक उघडा. गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाशी धरा. सल्ला चुकीचा नाही, आम्हीही पुढे तो देणार आहोत. पण या सल्ल्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो: तुझी कंबर गेली कारण तुला वाकता येत नाही.

ज्या माणसाने तीस वर्षे पोती उचलली, त्याला वाकता येत नाही? खरी गोष्ट अशी की कामगारांना नुसते वजन उचलण्याचे प्रशिक्षण दिल्याने कंबरदुखी टळत नाही, हे अनेक अभ्यास एकत्र तपासून दिसून आले आहे. पट्ट्याचेही तेच. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम आहे, रुग्णाला आजार समजावून सांगणे आहे. कंबरेचे पट्टे आणि वजन लावून ओढणे, म्हणजे ट्रॅक्शन, हे मात्र नेहमीचा उपचार म्हणून करू नका असे सांगितले आहे. आमचे ऐंशी पट्टे असे वाया गेले. चूक आमची होती, ती कबूल करतो.

मग कंबर वाचते कशाने? वजन कमी केल्याने, आणि उचलण्याची पद्धत कामाच्या जागेतच बदलल्याने. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संशोधन संस्थेने हिशेब मांडला आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असेल, म्हणजे वजन अंगाला लागून, कंबरेच्या उंचीवर, न वळता, अधूनमधूनच उचलायचे असेल, तरी एका माणसाने 23 किलोपर्यंतच उचलावे. वजन जमिनीवर असेल, वारंवार उचलायचे असेल किंवा अंग पिळून ठेवायचे असेल, तर हा आकडा आणखी खाली येतो. आपल्याकडे सिमेंटची गोणी 50 किलोची आहे. ब्रिटनमध्ये तेच सिमेंट 25 किलोच्या गोणीत मिळते. सिमेंट तेच, भिंत तीच. फरक एवढाच की तिथे गोणी भरताना उचलणाऱ्याच्या कंबरेचा विचार झाला.

पोत्याचे वजन निसर्गाने ठरवलेले नाही. ते कोणीतरी कागदावर ठरवतो, आणि जे कागदावर ठरते ते कागदावर बदलता येते. एके काळी आपल्याकडे धान्याचे पोते 100 किलोचे असायचे. हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला तेव्हा ते 50 वर आले. पुण्यात डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि मुंबईत माथाडींच्या संघटनांनी हमालाला माणूस म्हणून मोजायला लावले. त्यातूनच 1969 चा माथाडी कायदा आला. माथ्यावर, पाठीवर ओझे वाहणाऱ्यासाठी मंडळ, नोंदणी, मालकाकडून लेव्ही, त्यातून भविष्य निर्वाह निधी आणि औषधोपचार, असा देशातला अगदी वेगळा कायदा महाराष्ट्राने केला. हे लढून मिळाले. पण 50 वर येऊन आपण थांबलो. 23 कुठे आणि 50 कुठे?

कायदा काय बोलतो, काय गिळतो

1948 च्या कारखाने अधिनियमात कलम 34 होते. इजा होईल इतके जड वजन कोणाकडूनही उचलून घेऊ नये, असे ते सांगत होते. तत्त्व मान्य झाले, पण ते कारखान्याच्या फाटकाच्या आत. मजूर अड्ड्यावर, बाजारात, उसाच्या फडात ते पोचत नव्हते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1967 साली एका माणसाने वाहायच्या कमाल वजनाबाबत करार क्रमांक 127 केला. त्यावर भारताने अजून मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

त्याच कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कामामुळे होणाऱ्या आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा होती, सिलिकोसिस होता, ओझे वाहून गेलेली कंबर नव्हती. कायद्याच्या यादीत नाही म्हणजे सरकारी नोंदीत नाही. नोंदीत नाही म्हणजे भरपाई नाही. तीस वर्षे पोते वाहिलेला माणूस पन्नाशीत घरी बसतो, तेव्हा कागदोपत्री तो आजारी नसतो, नुसता 'कामावर येत नाही'.

बाईच्या पाठीची तर याहून वाईट गत आहे. उसाच्या फडात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. मजुरी टनावर, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली, आणि एक दिवस खाडा झाला की दंड. बाई वाकून ऊस तोडते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन गाडीवर चढते, आणि खोपीवर येऊन पुन्हा पाणी भरते. कंबर दुखते, अंगावरून पांढरे जाते, म्हणून ती डॉक्टरकडे जाते, तर तिथे पिशवीच काढायचा सल्ला मिळतो. 2019 साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गाजला की शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. मोळीचे वजन तेवढेच ठेवून बाईचा अवयव काढून टाकणे, ही कसली वैद्यकी? कमी वयात पिशवी काढल्यावर हाडे लवकर ठिसूळ होऊ शकतात. म्हणजे ज्या कंबरेसाठी ती गेली, तीच आणखी कमजोर होण्याची सोय झाली.

तोपर्यंत काय करायचे?

कायदा बदलेपर्यंत कंबर थांबत नाही. म्हणून जे आज करता येते तेही ठामपणे सांगतो. प्रत्येक कार्यकर्त्याला हे पाठ असावे.

पहिली गोष्ट, भीती काढा. दहापैकी नऊ कंबरदुख्यांत हाड मोडलेले नसते, गाठ नसते, मोठा आजार नसतो. एमआरआयमध्ये 'गादी झिजली' असे लिहून आले की माणूस अर्धा मरतो. पण चाळिशीतल्या अजिबात न दुखणाऱ्या माणसांतही निम्म्याहून अधिक जणांच्या गादीची झीज दिसते. रिपोर्ट म्हणजे शिक्षा नव्हे. कर्ज काढून एमआरआय करण्याआधी सरकारी रुग्णालयातल्या अस्थिरोग विभागात दाखवा.

दुसरी गोष्ट, आठवडेच्या आठवडे पडून राहू नका. फार तर एक-दोन दिवस आराम, मग सोसवेल तेवढे चाला. जुनाट दुखण्यात रोजचे चालणे आणि पोट-पाठीच्या स्नायूंचा व्यायाम यांचा उपयोग होतो. "आम्ही दिवसभर कष्ट करतो, आम्हाला व्यायाम कशाला?" असे आपली माणसे विचारतात. प्रश्न बरोबर आहे. काम एकाच बाजूने, एकाच पद्धतीने, दमलेल्या अंगावर घासते. व्यायाम उरलेल्या स्नायूंना बळ देतो. सरकारी रुग्णालयातल्या फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, नंतर घरी रोज पंधरा-वीस मिनिटे पुरतात.

तिसरी गोष्ट, गोळ्या. डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळी चार दिवस घेणे वेगळे आणि चार वर्षे रोज घेणे वेगळे. उन्हात घाम गाळणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाच्या किडनीवर आणि जठरावर तिचा जास्त मार बसतो. पुडीत बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या गोळ्या घेऊच नका. त्यांत स्टेरॉइड असू शकते. आणि संध्याकाळची चपटी? पंचशीलाचे पाचवे शील आपण रोज म्हणतो, पण कष्टकऱ्याला दारूवरून उपदेश करण्याआधी त्याला एकदा विचारा, "काका, रात्री कंबर झोपू देते का?" पुष्कळदा ती बाटली वेदनेची गोळी म्हणूनच सुरू झालेली असते.

चौथी गोष्ट, काम करताना. वजन अंगाला लावून धरा. वळायचे असेल तर कंबर पिळू नका, पावले फिरवा. पोते जमिनीवरून उचलण्यापेक्षा मांडीच्या उंचीच्या फळीवरून घ्या. थप्पी लावतानाच फळीचा आग्रह धरा. जड पोत्याला दोघे लागा. रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, तेव्हा वाकण्याचा ताण अधिक बसतो. पहाटे तीनला उठून थेट गाडी खाली करायला लागणाऱ्यांनी आधी थोडे चालावे, हलकी कामे आधी घ्यावीत.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, लघवी अडली, जांघेत आणि बसायच्या जागेवर बधिरपणा आला, पायातली ताकद कमी होऊ लागली, तर त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. उशीर झाला तर कायमचे अपंगत्व येऊ शकते. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे किंवा पूर्वी टीबी झालेला असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्या. आपल्या वस्त्यांत टीबी आहे, हे विसरू नका. अशा दुखण्यावर मालीश करणारा, मणका 'बसवणारा' आणि अंगारा देणारा, तिघेही धोक्याचे.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप घरातूनच येतो: "कष्ट म्हटले की दुखणारच, नशीब आपले." हे कोण बोलते? कर्मविपाक नाकारून बुद्धाकडे आलेले आपण! दुःखाला कारण असते आणि कारण दूर केले तर दुःख दूर होते, हा धम्माचा पाया आहे. तथागतांनाही पाठदुखी होती, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मज्झिम निकायातल्या सेख सुत्तात प्रसंग आहे. कपिलवस्तूत शाक्यांच्या नव्या सभागृहात रात्री उशिरापर्यंत उपदेश झाल्यावर, माझी पाठ दुखते आहे, पुढचे तू सांग, असे आनंदाला सांगून तथागत उजव्या कुशीवर पहुडले. त्यांनी दुखणे लपवले नाही, सहन करण्यात मोठेपणा मानला नाही. काम सोबत्यावर सोपवले आणि पाठीला आराम दिला. आपल्या हमालाला एवढा अधिकार आहे का? पाळी बदलून मागायचा, एक खेप दुसऱ्यावर सोपवायचा? आमची मागणी एवढीच आहे.

दुसरा आक्षेप शिकलेल्यांचा: "मुले शिकली की ही कामे सुटतील, मग प्रश्नच मिटेल." मुले शिकली. बीए झालेला आपला मुलगा आज वीस लिटरचा पाण्याचा जार खांद्यावर घेऊन लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर चढतो. गॅसचा भरलेला सिलिंडर 30 किलोच्या आसपास जातो. गोदामात, कुरिअरमध्ये, हाउसकीपिंगमध्ये नाव बदलले, टी-शर्ट आला, ओझे तेच राहिले. आणि समजा आपली सगळी मुले सुटली, तरी ते पोते दुसऱ्या कोणाच्या तरी पाठीवर जाणारच. आपली मुक्ती म्हणजे ओझे दुसऱ्याकडे सरकवणे नव्हे.

तिसरा आक्षेप खुद्द कामगारांचा, आणि तो सर्वांत खरा आहे: "पोते हलके झाले तर खेपा दुप्पट होतील आणि मजुरी बुडेल." नगावर मजुरी मिळणाऱ्याची ही भीती खोटी नाही. म्हणूनच नुसते 'वजन कमी करा' म्हणणे अर्धवट आहे. हमालीचा दर वजनावर ठरला पाहिजे, म्हणजे 50 किलोचे एक पोते काय आणि 25 ची दोन काय, हातात पैसे तेवढेच पडतील. खेपा वाढतात तिथे हातगाडी, ट्रॉली, ट्रकच्या उंचीचा फलाट द्या. त्याचा खर्च व्यापाऱ्याने आणि बाजाराने करायचा. मजुरी आणि कंबर यांतले एक निवड, अशी सक्ती करणाऱ्या हिशेबालाच आपण नकार दिला पाहिजे.

जयंतीपूर्वी ठरवू या

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब मजूर सदस्य होते. कारखान्यातला कामाचा आठवडा 48 तासांवर आणणारी 1946 ची दुरुस्ती त्यांच्या त्या कामातून आली. कामगाराच्या शरीराला मर्यादा आहे आणि ती मर्यादा मालकाच्या मर्जीवर सोडायची नाही, हा त्यामागचा विचार. तासांची मर्यादा त्यांनी मिळवून दिली. वजनाची मर्यादा मिळवणे आपल्यावर आहे. म्हणून आमच्या मागण्या आणि आमची कामे अशी:

1. बाजार, गोदाम, बांधकाम, सगळीकडे एका माणसाने उचलायच्या गोणीचे वजन टप्प्याटप्प्याने 25 किलोपर्यंत आणा, आणि हमालीचे दर वजनावर बांधा.
2. ओझ्यामुळे होणाऱ्या मणक्याच्या आजारांचा कामामुळे होणाऱ्या आजारांच्या यादीत समावेश करा.
3. प्रत्येक ओझेवाल्या कामगाराची माथाडी मंडळात किंवा बांधकाम कामगार मंडळात नोंदणी झालीच पाहिजे. कंत्राटी सफाई कामगाराला ईएसआय लागू आहे का, त्याची कपात भरली जाते का, हे कार्यकर्त्यांनी पगारपत्रक पाहून तपासावे. दरमहा 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना ईएसआय लागू होते आणि अटी पूर्ण असतील तर वर्षात 91 दिवसांपर्यंत आजारपणाचे पैसे मिळतात. हे पैसे कोणाची मेहेरबानी नाही.
4. ऊसतोडीच्या खोप्यांवर स्त्रीरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्टची फेरी हवी, आणि आजारपणाच्या खाड्याचा दंड बंद झाला पाहिजे.
5. जयंतीच्या शिबिरात पट्टे वाटणे बंद. त्या पैशांतून फिजिओथेरपिस्ट बोलवा आणि विहारात दर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास व्यायाम शिकवा. प्रत्येक रुग्णाच्या कागदावर तीन प्रश्न लिहा: काम कोणते, वजन किती, दिवसात किती खेपा?

हे तीन प्रश्न छोटे वाटतील. पण एका तालुक्यातल्या पाचशे माणसांची उत्तरे जमली की तो पुरावा होतो. तो घेऊन बाजार समितीत जाता येते, कामगार आयुक्तांकडे जाता येते, न्यायालयातही जाता येते. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही सर्वेक्षण शिकलो ते याच कामासाठी वापरायचे नाही तर कशासाठी?

आमच्या वस्तीत येत्या जयंतीला कंबरदुखीचे टेबल असेलच. त्यावर पट्टे नसतील. एक फिजिओथेरपिस्ट असेल, एक वजनकाटा असेल आणि एक वही असेल. वहीत पहिले नाव त्या काकांचे घालायचे आम्ही ठरवले आहे. त्यांना विचारून झाले आहे. म्हणाले, "लिहा. पण नुसतं माझं नाव लिहू नका, पोत्याचं वजन पण लिहा."

जय भीम! नमो बुद्धाय!